वसईचा दुभाष्या आणि पुण्यातला एक येडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र होतं. आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबा असताना पुण्यातली पोरं आता ख्रिश्चन संतांवर फिल्मा काढायला लागलीत, यांना पैसा कोण पुरवतं त्याची चौकशी करा, असा एकूण सूर. नाव कुणाचंच नव्हतं, पण पुण्यात सध्या कॅथलिक संतावर स्वतःच्या खिशातून डॉक्युमेंटरी करणारा येडा बहुतेक मी एकटाच आहे, त्यामुळे ते मलाच होतं असं धरून लिहितोय. आई म्हणाली कशाला तोंडी लागतोस. बायको म्हणाली लिहीच, पैसा कोण पुरवतं ते मलाही कळेल.

तर पैशाचं आधी. मी लग्नाचे व्हिडिओ करतो आणि चाकणच्या कंपन्यांसाठी सेफ्टीच्या फिल्म्स करतो, हेल्मेट घाला, ग्लोव्हज घाला, मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नका वगैरे. त्यातून जे उरतं ते यात जातं. कॅमेरा स्वतःचा, लेन्स लागली तर भाड्याने, साउंडवाला मित्र आहे तो जेवणावर येतो. झाली चौकशी.

आता संताचं. चार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या शूटला वसईला गेलो होतो, रिक्षातून जाताना एका कॉलेजची पाटी दिसली, संत गोन्सालो गार्सिया. हे कोण म्हणून सहज विचारलं तर रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "ते आमचे. जपानला गेलेले, तिकडेच मारलं त्यांना." इतकंच. मला वाटलं हा फेकतोय. रात्री हॉटेलवर मोबाईलवर शोधलं तर रिक्षावाल्याचं शंभर टक्के खरं निघालं, आणि झोप उडाली ती उडालीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (मलाही माहीत नव्हतं, मराठी मीडियममध्ये शिकून, इतिहासात बरे मार्क असून). १५५६च्या आसपास वसईत जन्म. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यात जेझुइटांकडे (कॅथलिक धर्मप्रचारकांचा एक संघ) शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जहाजात बसून जपानला गेला. तिथली भाषा अशी उचलली की जेझुइटांचा बोलण्याचा सगळा भार त्याच्यावर. पण त्यांनी त्याला आपल्या संघात काही घेतलं नाही. कंटाळून सोडलं आणि व्यापारी झाला, चांगला चाललाही धंदा. मग फिलिपाइन्सला मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात सामील झाला, तेही पाद्री म्हणून नाही तर साधा ब्रदर म्हणून. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनाला वकील म्हणून जपानला पाठवलं. सोबत तिघेच, त्यातला एक गोन्सालो, कारण जपानी नीट येणारा तोच. समोर होता तोयोतोमी हिदेयोशी, त्या वेळचा जपानचा सर्वेसर्वा. कोरियावर फौजा सोडून बसलेला, आणि फिलिपाइन्सनेही मला खंडणी द्या म्हणून मागे लागलेला.

म्हणजे सीन बघा. एका बाजूला स्पेनचा वकील, दुसऱ्या बाजूला हिदेयोशी, आणि मधे बोलणारा माणूस वसईचा. माझी फिल्म इथेच सुरू होते. तो कसा मेला तिथून सुरू करा असं मला पन्नास जणांनी सांगितलं, पण मला हा सीन सोडवतच नाही. त्याने तिथे कुठला शब्द कसा फिरवला असेल, खंडणीला काय म्हणाला असेल, कोणाचा राग किती पातळ करून पुढे पोचवला असेल? दुभाष्याचं स्वतःचं बोलणं कोणी लिहून ठेवत नाही, वकील काय म्हणाला आणि राजा काय म्हणाला एवढंच कागदावर उरतं.

आणि हे पुण्यात बसून करायला मजा का येते सांगतो. आपल्या शहरात जपानी शिकणारी पोरं किती आहेत बघा, रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीबोळातल्या क्लासेसपर्यंत, एन थ्री झालं, एन टू देतोय (जपानीच्या परीक्षांच्या पायऱ्या), आयटीत जपानी क्लायंटच्या मीटिंगला हीच पोरं मधे बसून बोलतात. त्यातल्या एकीला मी गोन्सालोबद्दल सांगितलं तर ती पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे आमच्या लाइनमधला सगळ्यात सीनियर माणूस वसईचा होता तर. (मी त्याला अरेतुरे करतोय, वसईकरांनी राग मानू नये. एडिटिंगला तीन वर्षं सोबत काढल्यावर अहोजाहो टिकत नाही, आणि विठोबालाही आपण अरेतुरेच करतो.)

शेवट दुःखी आहे. बोलणी निभावल्यावर या लोकांना क्योतोत राहायला मिळालं, त्यांनी तिथे चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला. १५९६च्या ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं सान फेलिपे नावाचं मालाने भरलेलं जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला, भांडण पेटलं, आणि जहाजावरचा कोणीतरी बढाई मारून गेला म्हणतात की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मग सैन्य. हिदेयोशीने या पाद्रींना आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना पकडण्याचे हुकूम काढले. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत जवळपास महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. निघाले चोवीस, त्यात गोन्सालोही, वाटेत आणखी दोघे धरले, झाले सव्वीस. त्यात सगळ्यात लहान बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ला निशिझाका नावाच्या टेकडीवर क्रुसाला बांधून भाल्यांनी मारलं. १८६२ला पोपनी सगळ्यांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणजे हा आपला वसईकर, दुसरी संत, केरळच्या अल्फोन्सा, यायला २००८ उजाडलं.

आता हिदेयोशीला व्हिलन करून मोकळं होणं सोपं आहे, आणि माझ्या पहिल्या कटमध्ये मी तेच केलं होतं, खाली ढोलाचं म्युझिकसुद्धा. पण त्याच्या बाजूने बघा ना. स्पेनने १५७१ला मनिला घेतलं होतं, ते त्याच्या डोळ्यासमोर होतं, पाद्रींना देश सोडायचा हुकूम त्याने १५८७लाच काढलेला होता, आणि वसईत पोर्तुगीज राज्याने देवळांचं काय केलं ते आपणही जाणतोच की. म्हणजे त्याची भीती हवेतली नव्हती. पण त्या भीतीत मारली गेली ती भाषांतर करणारी, दवाखान्यात जखमा धुणारी माणसं आणि एक बारा वर्षांचा पोरगा. या दोन्ही गोष्टी एकाच फिल्ममध्ये बसवताना माझा घाम निघालाय. ढोल काढून टाकला.

त्यात ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांचंही आपसात पटत नव्हतं. लुईस फ्रोइस जेझुइट, तो तेव्हा नागासाकीत होता आणि त्याच वर्षी त्याने हकीकत लिहिली. मार्सेलो दे रिबादेनेइरा फ्रान्सिस्कन, तो वाचला आणि त्याचं १६०१ला छापून आलं. जेझुइट म्हणणार तुम्ही बंदी असताना उघड प्रचार केलात म्हणून ही वेळ आली, फ्रान्सिस्कन म्हणणार तुम्हाला जपान स्वतःपुरता हवा होता. आणि गोन्सालो दोन्हीकडे राहून आलेला! आपल्याकडच्या मंडळांच्या राजकारणात वाढलेल्या माणसाला हे समजायला काही जड जात नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दाखवायचं काय. त्याचं समोर बसून काढलेलं चित्र मला कुठे सापडलं नाही. आईचं नावसुद्धा सापडलं नाही. मेक्सिकोत कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर या सव्वीस जणांची मोठमोठी जुनी चित्रं आहेत, का तर त्यांच्यात एक फेलिपे दे हेसुस नावाचा मेक्सिकोचा पोरगा होता, त्यांचाही पहिला संत. नागासाकीत १९६२ला स्मारक आणि म्युझियम झालं, सव्वीस जण ब्राँझमध्ये ओळीत उभे आहेत. आपल्याकडे गासच्या चर्चला नाव आहे, कॉलेजला नाव आहे, वसईची माणसं सण करतात, आणि वसईची खाडी ओलांडली की कोणाला पत्ता नाही.

मला जपानला जायचं बजेट नव्हतं. मग एक आयडिया केली, ती आता कबूलच करतो. सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, पुणे-ओकायामा मैत्रीचं, तिथे सकाळी सकाळी जाऊन बांबू, पूल, पाणी, दगड असं मोबाईलवर घेतलं आणि क्योतो ते नागासाकी चालण्याच्या सीनला लावलं. गंमत म्हणजे ते सव्वीस जण ज्या सान्यो मार्गाने चालले त्या मार्गावर ओकायामा येतं, म्हणजे नातं अगदीच खोटं नाही असं मी स्वतःला समजावत होतो. मित्रांना रफ कट दाखवला, एक जण लगेच म्हणाला अरे हे तर आपलं पु. ल. गार्डन, तिकडून माझी आत्या चालत येताना दिसेल आता. सगळे हसले, मीही हसलो, पण रात्री ते सगळे शॉट काढून टाकले. लग्नाच्या व्हिडिओत वारज्याचं आकाश महाबळेश्वरचं म्हणून चालतं. इथे नाही चालत, इथे एक शॉट खोटा निघाला की कापलेल्या कानावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. शेवटी मघाची ती जपानीवाली, ती आता तिकडेच नोकरी करते, तिने सुट्टीत जाऊन निशिझाकाची टेकडी शूट करून पाठवली. सगळी उभी. रील काढल्यासारखी. तरीही तीच वापरलीये, दोन्हीकडे काळं सोडून.

पत्रलेखक काकांनी असं समजू नये की ख्रिश्चन मंडळी माझ्यावर जाम खूश आहेत. वसईत काही घरांत रफ कट दाखवला तेव्हा कादोडी (तिकडची बोली) बोलणाऱ्या एका आजी शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, बाळा, व्यापारी दिसला, दुभाष्या दिसला, आमचा संत कुठे दिसला? मला उत्तर देता आलं नाही. मी चमत्कार दाखवत नाही, प्रकाशाचं वलय लावत नाही, पण ज्या माणसासाठी या आजी मेणबत्ती लावतात तो माझ्या फिल्ममध्ये नुसता करिअर बदलणारा माणूस वाटला तर चूक माझीच आहे. पुन्हा गेलो, कॅमेरा न काढता दोन दिवस बसलो, मग तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या लाव तुझा तो माईक. त्यांनी जे सांगितलं ते फिल्ममधलं सगळ्यात चांगलं सहा मिनिटांचं फुटेज आहे आणि ते इथे फुकट सांगणार नाही.

राहिला प्रश्न आपले आणि परके. काका, चिमाजीअप्पांनी १७३९ला वसई घेतली हे आपण छाती फुगवून सांगतो आणि सांगावंच. तिकडच्या चर्चच्या घंटा आपल्याकडे आल्या, मेणवलीच्या घाटावर एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आपण जाऊन वाजवूनही आलोय. वसई आपली, घंटा आपली, मग तिथे जन्मलेला माणूस तेवढा परका कसा काय? क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवरावांनी दिलेली आहे, १७९२ची गोष्ट, पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती माणसं होती म्हणून. पेशव्यांना नाही अडचण आली आणि आपल्याला येते.

आणि "तुम्ही ख्रिश्चन आहात का" हा प्रश्न मला आजवर किती वेळा आलाय ते मोजणं सोडून दिलंय, हॉलच्या चौकशीला गेलो तरी येतो, एका ठिकाणी तर आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा आधी सैल पडला आणि मग जास्तच आवळला. मी नाही ख्रिश्चन. देवळात जातो ते आईबरोबर, चतुर्थीला. असतो तरी काय फरक पडला असता ते मला समजत नाही.

संपादक साहेब, पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण हा पुढचा भाग प्लीज ठेवा. पुण्यात जुनं पोर्तुगीज किंवा स्पॅनिश हस्ताक्षर वाचता येणारं कोणी असेल तर मला हवंय, माझ्याकडे काही पानांचे फोटो आहेत आणि छापील भाषांतरावर माझा भरवसा नाही. मानधन फार नाही देता येणार, पण देईन. दुसरं, मूळ वसईची जी कुटुंबं पुण्यात आहेत त्यांच्यापैकी कोणाच्या घरी १९६२च्या आसपासचे, म्हणजे तो संत झाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हाचे, सणाचे, मिरवणुकीचे जुने फोटो किंवा फिल्म असेल, ट्रंकेत, माळ्यावर, कुठेही, तर मला फक्त कॉपी काढू द्या, मी घरी येतो, मूळ वस्तू घराबाहेर नेणार नाही. पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय.

आणि पत्रलेखक काकांना आमंत्रण आहे. फायनल कट पावसाळ्यानंतर होईल, किल्ल्यातले भर पावसातले शॉट बाकी आहेत, संरक्षित स्मारक असल्यामुळे परवानगीचा अर्ज टाकलाय, येईल तेव्हा येईल. पहिला शो पुण्यातच ठेवणार आहे. हॉल अजून मिळाला नाही, मिळाला की याच पानावर कळवतो. काकांनी पहिल्या रांगेत बसावं आणि नंतर काय ते तोंडावर बोलावं. चहा माझ्याकडून, पार्किंगचं तेवढं त्यांचं त्यांनी बघावं.

आपला,
एक माहितीपटवाला
कर्वेनगर, पुणे