औषधाची बातमी कोणत्या रुग्णासाठी, हे आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे सल्ले नियमित येतात आणि लोक ते मनापासून वाचतात, हे औषधाच्या दुकानात रोज उभा राहणारा माणूस म्हणून मी खात्रीने सांगू शकतो. पूर्वी लोक कात्रण घेऊन यायचे, आता मोबाइलवरचा फोटो दाखवतात. त्या फोटोत बहुधा मथळा आणि पहिल्या चार ओळी एवढेच असते. तज्ज्ञांनी शेवटच्या परिच्छेदात दिलेला इशारा त्यात येत नाही. म्हणून औषधासंबंधीची बातमी कोणत्या रुग्णांना लागू आहे आणि कोणत्या नाही, हे मथळ्यात किंवा निदान पहिल्या वाक्यात यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घरोघरी 'रक्त पातळ होण्याची गोळी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनचेच उदाहरण घेतो. वयस्कर माणसांना रोजच्या ॲस्पिरिनचा फायदा नाही, अशा आशयाच्या बातम्या २०१८ पासून अधूनमधून येत असतात. त्यामागचे संशोधन भक्कम आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या 'ॲस्प्री' या चाचणीत रोज १०० मिलीग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांचे धडधाकट आयुष्य वाढले नाही; उलट मोठा रक्तस्राव होण्याचे प्रमाण हजारी २८ वरून ३८ वर गेले. मात्र या चाचणीत ज्यांना आधीपासून हृदयविकार होता किंवा पक्षाघात होऊन गेला होता, अशांना घेतलेलेच नव्हते. २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रतिबंधक उपचारविषयक तज्ज्ञ गटाने दिलेला सल्लाही असाच मर्यादित होता: साठी ओलांडलेल्यांनी केवळ हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा पहिला झटका टाळण्यासाठी ही गोळी नव्याने सुरू करू नये. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला आहे, त्यांच्याविषयी तो नव्हताच. मथळा होताना नेमकी हीच अट गळून पडते.

मध्यंतरी अँजिओप्लास्टी झालेले एक काका महिन्याची औषधे न्यायला आले आणि चिठ्ठीतल्या एका कॅप्सूलवर बोट ठेवून म्हणाले, ''ही नको, पेपरात आलंय.'' त्या एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलवरची अटोरव्हास्टॅटिन अशी तीन औषधे होती. म्हणजे एका बातमीमुळे स्टेंट मोकळा ठेवणारी दोन्ही औषधे आणि कोलेस्टेरॉलचे औषध एकदमच बंद होणार होते. मी त्यांच्या मुलाला फोन लावला, त्याने डॉक्टरांशी बोलून घेतले आणि काका कॅप्सूल घेऊन गेले. पण गर्दीच्या वेळी एखादे औषध कमी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला कारण विचारले जातेच असे नाही.

यातला धोका गप्प राहून वाढणारा आहे. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या सूक्ष्म पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही आणि तिचा परिणाम झालेली प्लेटलेट आपले आठ-दहा दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत तशीच राहते. गोळी थांबवली की अशा जुन्या प्लेटलेट्सची जागा नव्या प्लेटलेट्स घेत जातात आणि आठवडाभरात संरक्षण ओसरते. या काळात रुग्णाला काहीच त्रास जाणवत नाही, एखाद्याला तर पोटातली जळजळ कमी झाल्याने बरेच वाटते. बंद केली तरी काही झाले नाही, असा त्याचा समज होतो आणि तो चार जणांना तसा सल्लाही देतो.

याच्या उलट चूकही तितकीच होते. ज्यांना कधी छातीत दुखलेले नाही, असे लोक कोणा नातेवाइकाचे ऐकून ७५ मिलीग्रॅमच्या गोळ्या मागतात आणि त्यातले कित्येक गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकही घेत असतात. ही दोन औषधे एकत्र आली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली तर तातडीने डॉक्टरांकडे जावे, हे एक वाक्य जरी अशा बातमीत छापले तरी त्याचा मोठा उपयोग होईल.

टक्केवारीबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. अमेरिकेतील सुमारे २२ हजार पुरुष डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष १९८९ मध्ये आले, तेव्हा ॲस्पिरिनमुळे हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आकडा खरा आहे. पण प्रत्यक्षात सुमारे पाच वर्षांत गोळी न घेणाऱ्या हजारांपैकी २२ जणांना झटका आला आणि घेणाऱ्यांपैकी १३ जणांना, म्हणजे हजारात नऊ जणांचा झटका टळला. हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' चाचणीत झटका आल्याचा संशय असलेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला होता आणि महिनाभर ॲस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांत हजारी सुमारे २४ मृत्यू टळल्याचे आढळले. गोळी तीच, पण घेणारा बदलला की हिशोब पूर्ण बदलतो. मधुमेहींवरील २०१८ च्या 'असेंड' चाचणीत तर हा हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटला: सुमारे सात वर्षांत हजारी ११ जणांचा हृदयविकार किंवा पक्षाघातासारखा प्रसंग टळला आणि नऊ जणांना जास्तीचा मोठा रक्तस्राव झाला. महाराष्ट्रात मधुमेह नाही असे घर शोधावे लागेल, अशा स्थितीत हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले जाणे फार गरजेचे आहे.

बातमी छोटी असली तरी अभ्यास कोणावर झाला, हजारात किती जणांना फायदा आणि किती जणांना अपाय झाला, आणि ज्यांचे औषध आधीपासून चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नये, एवढे त्यात बसू शकते. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडून ॲस्पिरिनवर याच पद्धतीने सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. तो छापून आल्यास मी दुकानाच्या काउंटरवर लावीन.

कळावे,
आपला नम्र,
एक औषधविक्रेता वाचक, सांगली