केट डेव्हिसला, मराठीतून

प्रिय केट,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोहोचेल असा माझा अजिबात समज नाही. पोहोचलं तरी देवनागरी अक्षरं बघून तू ते बाजूला ठेवशील. तरीही लिहितेय, आणि उघड लिहितेय, कारण आभार मानायचे तर चारचौघांत मानावेत. तू अमेरिकेतली गायिका, त्या चारचौघांतल्या बऱ्याच जणांनी तुझं नाव ऐकलेलं नसणार. ज्यांना ठाऊक आहेस त्यांना 'त्या व्हिडिओतली मुलगी' म्हणून. म्हणजे तुझीच गोष्ट तुला सांगणं आलं, तेवढं सहन कर. आणि एकेरीत लिहितेय म्हणून रागावू नकोस, आमच्याकडे आवडत्या गायिकेला अहो-जाहो करायची पद्धत नाही.

आधी माझं थोडक्यात. मी शास्त्रीय गाणं शिकले, विशारद झाले, आता नाट्यगीतं-भावगीतांच्या कार्यक्रमांत गाते. घरी मात्र गिटार घेऊन स्वतःची गाणी करते. मराठीत, चार-पाच कॉर्डची, ज्यांत एकही तान नाही अशी. ती एकदा धीर करून काही माणसांपुढे म्हटली, तेव्हा पहिल्या रांगेतले एक काका मनापासून कळवळून म्हणाले, "अगं, एवढं शिकलीस ते यासाठी?" काका वाईट नव्हते. माझं नुकसान होतंय असं त्यांना खरंच वाटत होतं. मला उत्तर सुचलं नाही. ते पुढे तुझ्या रेकॉर्ड ऐकता ऐकता सापडत गेलं, त्याचेच हे आभार.

तू ओरेगनची, पोर्टलंडच्या बाजूची. पाचव्या वर्षी व्हायोलिन, तेराव्या वर्षी डबल बेस. जॅझ गायिका एस्परांझा स्पॉल्डिंगही पोर्टलंडचीच, तीही आधी व्हायोलिन आणि मग बेस अशीच आलेली, तीही गाता गाता वाजवणारी. त्या मातीतच काहीतरी असावं. पुढे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये तू जॅझचं रीतसर शिक्षण घेतलंस.

मराठी वाचकांसाठी एक सांगायला हवं, की हा बेस म्हणजे रॉक बँडमधली गळ्यात अडकवायची बेस गिटार नव्हे. हे माणसाएवढं उंच लाकडी वाद्य, चार जाडजूड तारा, आणि सूर कुठे आहे हे दाखवायला पट्टीवर एकही पडदा नाही. सूर डाव्या हाताच्या बोटांनी अंदाजाने शोधायचा, उजव्या हाताने तार खेचायची. जॅझमध्ये बेस बहुतेकदा दर मात्रेला एक सूर टाकत चालत राहतो, न थांबता, न घाई करता. सगळी मंडळी त्याच्या भरवशावर हुंदडतात. गायिकेने मात्र मात्रेच्या थोडं मागे रेंगाळायचं, शब्द उशिरा सोडायचा, तरच ते गाणं झुलतं. तू ही दोन्ही कामं एकटीच करतेस. एका हाताने तबल्यावर ठेका धरून बडा ख्याल गाऊन बघा, म्हणजे कल्पना येईल. मी बघितलं आहे. ठेका तरी बिघडला किंवा मी तरी.

आणि मग 2014. मेघन ट्रेनर या पॉप गायिकेचं 'ऑल अबाउट दॅट बेस' जगभर वाजत होतं. नवी गाणी जुन्या ढंगात वाजवणाऱ्या स्कॉट ब्रॅडलीच्या पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्स या गटाने त्याचं जुन्या जॅझच्या वळणाचं रूप केलं. पियानो, ड्रम आणि मधे बेस घेऊन गाणारी तू. मूळ गाण्यात 'बेस' हा अंगापिंडाच्या भरदारपणाचा विनोद आहे, आणि इथे गाणारी खरोखरच बेस घेऊन उभी! लोक खूश झाले. व्हिडिओ कोटीच्या वर वेळा बघितला गेला. मीही त्यात काही भर घातली आहे. अवघड काम इतकं सहज करताना बघणं हा आनंदच असतो.

आमच्याकडे एखाद्या मुलीचं एखादं नाट्यगीत असं गाजलं असतं, तर पुढची वीस वर्षं तिला दुसरं काही गाऊ दिलं नसतं. गणपतीत तेच, दिवाळी पहाटेला तेच, कोजागिरीला तेच. तिनेही ते आनंदाने गायलं असतं, मानधन वाढत गेलं असतं, आणि त्यात गैर काही नाही. जुनी गाणी नव्याने गोड करून म्हणणारी जॅझ गायिका, ही तुझ्यापुढची वाट तर अगदी तयार होती.

तुझा 'ट्रॉफी' हा अल्बम आला 2019 च्या नोव्हेंबरात, त्या व्हिडिओनंतर पाच वर्षांनी. पहिल्यांदा लावला तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्याच केट डेव्हिसचा लागला. इलेक्ट्रिक गिटार, मागे ड्रम, आणि आवाज सरळ, जवळजवळ बोलल्यासारखा. शब्दावरची ती लाडिक हरकत नाही, मुरकी नाही. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकताना कान बसला. चाल अपेक्षित सुरावर न उतरता भलत्याच सुरावर जाऊन बसते आणि तीच जागा बरोबर वाटते. कॉर्ड बदलतात ते रॉकच्या नेहमीच्या हिशेबाने नाही. तेव्हा लक्षात आलं, की शिक्षण कुठेही गेलेलं नाही. फक्त ते आता पुढे येऊन टाळ्या मागत नाही. काकांना द्यायचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं.

त्याच वर्षीच्या जानेवारीत शेरन व्हॅन एटन या अमेरिकन गायिकेचा 'रिमाइंड मी टुमॉरो' हा अल्बम आला होता. त्यातलं 'सेव्हन्टीन' हे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं गाणं तिने तुझ्याबरोबर लिहिलेलं आहे. सतरा वर्षांच्या स्वतःशी मोठेपणी बोलणारं ते गाणं. गाजलं शेरनच्या आवाजात आणि ते योग्यही आहे. पण 'दुसऱ्यांची गाणी छान म्हणते' एवढीच तुझी ओळख समजणाऱ्यांना श्रेयनामावलीतली ती एक ओळ दाखवायला मला फार आवडतं.

खरं उत्तर मात्र 'स्ट्रेंज बॉय'मध्ये आहे. 2021 च्या जानेवारीतला हा अल्बम. डॅनियल जॉन्स्टनची 'रिटायर्ड बॉक्सर' ही ऐंशीच्या दशकातली घरगुती कॅसेट तू नव्याने गायलीस. डॅनियल म्हणजे टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये मॅकडोनाल्ड्समध्ये काम करणारा आणि स्वतः भरलेल्या कॅसेटी लोकांच्या हातात देत फिरणारा माणूस. आवाज कापरा, सूर निसटणारा, मागे खरखर, आणि आयुष्यभर सोबतीला मानसिक आजार. निर्वाणा या रॉक बँडच्या कर्ट कोबेनने त्याने काढलेल्या चित्राचा टी-शर्ट घातला म्हणून तो थोडा लोकांना कळला. 2019 मध्ये तो गेला.

आता विचार करा, सुराची इतकी पक्की मुलगी अशा माणसाची गाणी घेते. दोन मोह समोर उभे. एक, सगळं सुरात आणून, नीट विंचरून द्यायचं, म्हणजे 'बघा, मुळात चाल किती सुंदर होती'. दुसरा, मुद्दाम बेसूर, भाबडं गायचं, म्हणजे नक्कल. तू दोन्ही केलं नाहीस. स्वतःच्या आवाजात, सुरातच गायलीस, पण कुठेही त्याच्यापेक्षा वरचढ व्हायला गेली नाहीस. गाणं जेवढं मागतं तेवढंच दिलंस आणि बाकीचं स्वतःजवळ ठेवलंस. आमच्या बाई शिकवताना म्हणायच्या, "येतं ते सगळं गायचं नसतं." हे त्या राग मांडण्याबद्दल सांगत असत. मला ते समजलं ते टेक्सासच्या एका कॅसेटवाल्याची गाणी तुझ्या तोंडून ऐकताना. बाईंना हे सांगितलं तर त्या हसतील.

2023 चा 'फिश बोल' हा अल्बम मला अजून पुरता उलगडलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल गप्प बसते.

तर आभार कशाचे? तू बंड वगैरे काही पुकारलं नाहीस याचे. बेस पायाखाली मोडून कुणी रॉकस्टार होत नाही, हे दिसलं. माझ्या एका गाण्याच्या अंतऱ्यात मी एक छोटी तान घुसवली होती, केवळ 'हिला येतं' हे कळावं म्हणून. 'स्ट्रेंज बॉय' ऐकल्यावर ती काढली. तिथे आता नुसता कोमल गंधार लांबवते, गिटार थांबवून. तो तसा लावायला मला अनेक वर्षांचा रियाज लागला, हे कुणाला कळत नाही, आणि न कळलं तरी चालतं.

काका पुन्हा भेटले, तर ते गाणं पहिल्यांदा त्यांनाच ऐकवीन. आवडलं नाही तर नाही.

तुझी,
पुण्यातली एक गाणारी

ता. क. आईला मात्र तुझा तो बेसवाला व्हिडिओच आवडतो. बाकीचं ऐकून म्हणाली, "आवाज चांगला आहे, पण हिला कुणीतरी चांगली गाणी द्या."