सूचना : इलेक्ट्रिशियनचं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

या कामात नुसता वर्ग किंवा नुसती उमेदवारी पुरत नाही, दोन्ही लागतात. बहुतेक ठिकाणी परवानाही लागतो, तो मिळेपर्यंत स्वतंत्र काम घेऊ नका. सुरुवातीला पाइप बसवणं, वायर ओढणं हेच वाट्याला येईल. कंटाळू नका, हात तिथेच बसतो. वायरींचे रंग नीट ओळखता येतात ना, हे आधीच तपासून घ्या.

मेन स्विच बंद केला एवढ्यावर वायरीला हात लावायचा नाही! टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो चालतोय ना ते पाहा, मग आपल्या वायरीवर लावा, मग पुन्हा चालू लाइनवर. कितीही घाई असली तरी हे सोडू नका.

जुन्या सभासदांना कळकळीची विनंती : शिकाऊ मुलांना चालू लाइनवर एकटं सोडू नये.