सगळी भोकं आमचीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्या दैनिकात पाषाण आणि शिवाजीनगरचं किमान तापमान येतं, हुरडा पार्ट्यांच्या जाहिराती येतात, सारसबागेच्या गणपतीचा स्वेटर-कानटोपीतला फोटो येतो. त्याच्या वाहनाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही नारायण पेठेत राहतो. शेजारचा वाडा दिवाळीनंतर उतरवला. सागाच्या तुळया, दारं, चौकटी, सगळं टेम्पोत भरून रीतसर गेलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे उंदीर मात्र कोणाच्या हिशेबात नव्हते. ते आमच्याकडे आले. त्यांचं काय चुकलं? बाहेर कडाक्याची थंडी, आत फ्रिजच्या मागे ऊब, आणि नेमका याच दिवसांत मावळातून आलेला नवा इंद्रायणी तांदूळ पोत्यातच ठेवलेला.

पहिली चूक आम्ही केली ती विषाच्या वड्या आणण्याची. विष खाल्लेला उंदीर घराबाहेर जाऊन मरतो, ही निव्वळ अफवा आहे. या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं, पण त्याला दोन-चार दिवस लागतात. तोवर तो कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. आमचा पडला किचन ट्रॉल्यांच्या मागे. तीन दिवस वास कुठून येतोय ते कळेना, शेवटी सुतार बोलावून ट्रॉल्या उतरवल्या. वड्यांच्या विषावर निदान व्हिटॅमिन के हा उतारा तरी आहे. काळपट पूड मिळते ती झिंक फॉस्फाईडची, आणि ट्यूबमधली मलमासारखी पेस्ट पिवळ्या फॉस्फरसची. या दोन्हींवर उतारा नाही. पेस्टने तर माणसाचं यकृत निकामी होतं, आणि पहिले एक-दोन दिवस काहीच झालं नाही असं वाटू शकतं. घरात रांगतं मूल असेल तर या वस्तू उंबऱ्याच्या आत आणू नयेत. शिवाय विषाने मेलेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला तर तेही जाऊ शकतं. पेठेतल्या जुन्या आढ्यांत गव्हाणी घुबडं असायची, फुकटात उंदीर मारायची. वाड्यांबरोबर त्यांचीही घरं चालली आहेत.

दुसऱ्या फेरीला रांगोळी कामी आली. झोपण्यापूर्वी ओट्याखाली भिंतीच्या कडेने चहाच्या गाळणीतून पांढरी रांगोळी भुरभुरवली. सकाळी त्यावर चिमुकल्या पावलांची ओळ आणि मधोमध शेपटीची बारीक रेघ! माग थेट सिंकखालच्या कपाटात गेला. तिथे दोन इंची पाइपसाठी प्लंबरने चार इंची भोक पाडलेलं, आणि वर प्लॅस्टिकची चकती नुसती टेकवलेली. मग टॉर्च घेऊन घरभर फिरले. एसीच्या पाइपचं भोक, इंटरनेटच्या केबलचं, पाइप गॅसचं, मोरीची तुटकी जाळी, बाल्कनीच्या दाराखालची फट... सात जागा निघाल्या. त्यातली एकही उंदराने पाडलेली नव्हती. सगळी आमचीच, पैसे देऊन पाडून घेतलेली.

पेन्सिल आत जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर येतो, मोठ्याला अंगठ्याएवढी पुरते. मुलाने आधी फवाऱ्याचा फोम मारला. तो दोन रात्रींत कुरतडून फरशीवर पडला. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं त्याला भागच असतं. शेवटी बोहरी आळीतून पाव इंची लोखंडी जाळी आणली. लहान भोकांत स्टीलची घासणी गच्च कोंबून वरून सिमेंट लावलं, मोठ्यांवर जाळी ठोकली, दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. तांदूळ पत्र्याच्या कोठीत गेला. सगळा खर्च एका पेस्ट कंट्रोलच्या बिलाहून कमी.

आत राहिलेल्या एका महाशयांसाठी पिंजरा लावला. उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, म्हणून दोन रात्री खटका न लावता नुसतं भाजलेलं खोबरं ठेवलं. तिसऱ्या रात्री अडकला. (चिचुंद्री अडकली तर सोडून द्यावी. ती उंदीर नव्हेच, झुरळं खाते.) पिंजरा नदीपात्रात नेऊन उघडणारे काही शेजारी मला ठाऊक आहेत. तो उंदीर शनिवार पेठेत कोणाच्या तरी सिंकखाली पोचला असेल, एवढंच.

माझ्या सासूबाई त्यांच्या आजीची आठवण सांगायच्या. १८९७च्या प्लेगात ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द ऐकले की लोक घर टाकून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. आज ती भीती उरलेली नाही, पण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतोच. लेंड्या दिसल्या तर केरसुणीने कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून ब्लीचचं पाणी शिंपडावं, दहा मिनिटांनी पुसून घ्यावं.

एक मागणी करते. अमेरिकेत सिएटलसारख्या शहरात घर पाडण्याआधी उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो. आपल्याकडे वाडा उतरवताना धूळ उडू नये म्हणून हिरवं कापड तरी बांधतात, उंदरांचा विचार कोणी करत नाही. पाडकामाच्या परवानगीत ही अट घालणं काही अवघड नाही. आधी पंधरा दिवस पिंजरे लावा, मग कुदळ.

आमच्या गल्लीतला आणखी एक वाडा संक्रांतीनंतर उतरवणार आहेत असं ऐकते. हातभर जाळी उरली आहे, ती माळ्यावर ठेवली आहे.

आपली,
नारायण पेठेतील एक वाचक, पुणे