'सॅटर्न ५'चे नकाशे हरवलेले नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माणसाला चंद्रावर नेणाऱ्या 'सॅटर्न ५' रॉकेटवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण 'नासाने नकाशे हरवले, म्हणून ते रॉकेट आज बनवता येत नाही' ही जुनी अफवा आपल्यासारख्या दैनिकाने छापावी, याचा फार राग आला. नकाशे अमेरिकेत हंट्सविलला नासाच्या मार्शल केंद्रात मायक्रोफिल्मवर आहेत.

मी ३१ वर्षं वेल्डिंग केलं, म्हणून हे जास्त लागलं. आमच्या कारखान्यात एका टाकीची ऑर्डर बारा वर्षांनी पुन्हा आली. ड्रॉइंग कपाटात जशीच्या तशी होती. पण कुठल्या टोकाकडून सुरुवात केली की पत्रा ओढत नाही, मध्ये किती वेळ थांबायचं, हे ड्रॉइंगवर नसतं. ते ठाऊक असलेले आमचे मिस्त्री निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांना बोलवा म्हणून मी दोनदा सांगितलं, कोणी ऐकलं नाही. दोन टाक्या भंगारात गेल्या आणि ठपका आम्हा वेल्डरांवर आला.

'सॅटर्न ५'च्या 'एफ-१' इंजिनाची गोष्ट याच जातीची आहे. २०१३ च्या सुमारास मार्शलमधल्या तरुण इंजिनिअरांनी एक जुनं इंजिन सुटं केलं. हाताने केलेले वेल्ड, प्रत्येक इंजिनात कारागिरांनी जागच्या जागी केलेले बारीक फेरफार, हे सगळं त्यांना इंजिनावरूनच वाचावं लागलं. मग त्याचा गॅस जनरेटर, म्हणजे इंधनाचे पंप फिरवणारा भाग, त्यांनी चाचणीत पुन्हा पेटवून दाखवला!

लेखात सगळं श्रेय या रॉकेटचे मुख्य शिल्पकार मानले जाणारे जर्मन इंजिनिअर फॉन ब्राऊन या एकट्याला दिलं आहे. हेच 'एफ-१' इंजिन सुरुवातीला चाचणीच्या स्टँडवरच फुटत होतं, कारण आतली ज्वाला थरथरायची. कुठलंही गणित पुरं पडेना. तेव्हा इंजिन बनवणाऱ्या रॉकेटडाइन कंपनीच्या माणसांनी चालू इंजिनात छोटे बॉम्ब फोडून पाहिले, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर तांब्याच्या आडभिंती बसवल्या, सुमारे २,००० चाचण्या केल्या. शेवटी ती थरथर एक दशांश सेकंदाच्या आत विरू लागली. या माणसांना एक ओळसुद्धा नाही. आणि फॉन ब्राऊनचं कौतुक करताना दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच्या व्ही-२ क्षेपणास्त्रासाठी मित्तेलबाउ-डोराच्या नाझी छावणीत राबून मेलेल्या कैद्यांचा उल्लेखही नाही, हे मला अजिबात पटलं नाही.

१९९८ मध्ये मुलीकडे गेलो होतो, तेव्हा ह्यूस्टनला हे रॉकेट पाहिलं. चंद्रावर जाण्यासाठी बनवलेलं, पण मोहिमा रद्द झाल्याने राहिलेलं. तेव्हा ते उघड्यावर आडवं पडलेलं होतं. रंगाचे पोपडे सुटलेले, सांध्यांत शेवाळ. नोझलपाशी मी बराच वेळ उभा होतो. बारीक नळ्या एकीला एक लावून भिंत उभी केलेली, पोट भरून पाहिली. जावई दोनदा म्हणाले, "बाबा, चला आता." माझा पाय निघेना. पुढे त्याला छप्पर मिळालं, डागडुजी झाली, हे कळलं तेव्हा घरात पेढे आणले होते.

आणखी एक. लेखात उंची ३६३ मीटर छापली आहे. ती ३६३ फूट, म्हणजे सुमारे ११० मीटर आहे. माझा नातू हाच आकडा शाळेच्या प्रकल्पात उतरवत होता. दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला वाचक,
एक निवृत्त वेल्डर, चिंचवड