कोमोडोचे घर आणि आपली घोरपड

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्राणिसंग्रहालयांत परदेशी प्राणी आणावेत की नाहीत, यावर आपल्या सदरात आलेली पत्रे वाचली. त्यांत खर्चाचा आणि गर्दीचा हिशेब भरपूर आहे. त्या प्राण्याला राहायला नेमके काय लागते, हा मुद्दा मात्र मागे पडला आहे. कोमोडो ड्रॅगनच्या उदाहरणावरून तो मांडतो.

हा प्राणी आपल्या घोरपडीच्याच कुळातला, पण तीन मीटरपर्यंत वाढणारा. इंडोनेशियातील कोमोडो, रिंचा, फ्लोरेस अशा मोजक्या बेटांवरच तो आढळतो. समुद्राची पातळी वाढल्याने पुढील 45 वर्षांत त्याचा योग्य अधिवास किमान 30 टक्क्यांनी घटेल, या अंदाजामुळे 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे सर्पगृह 1927 मध्ये उघडले. त्याचा आराखडा तेथील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभिरक्षक जोन प्रॉक्टर यांनी केला होता. सगळी इमारत सरसकट तापवण्याऐवजी प्रत्येक खणाला त्याच्या रहिवाशाला मानवेल अशी विजेची ऊब त्यांनी दिली आणि अतिनील किरण आत येऊ देणारी काच वापरली. त्याच सुमारास दोन कोमोडो तेथे आले आणि त्यांपैकी एक तर बाईंच्या मागोमाग पाहुण्यांमधून हिंडत असे!

दोन वर्षांपूर्वी लंडनला मुलीकडे गेलो असताना मी कोमोडोच्या काचेसमोर तासभर उभा होतो. दिव्याखाली पोट टेकून पसरलेले ते धूड मधूनच दुभंगलेली पिवळी जीभ बाहेर काढी, हवा चाखी आणि पुन्हा निवांत होई. एवढ्या मोठ्या अंगाला एकच दिवा पुरत नाही. पाठीचा एक ठिपका भाजतो आणि बाकीचे शरीर थंडच राहते, म्हणून सगळी पाठ एकदम शेकेल असे अनेक दिवे लावावे लागतात. मादीला अंड्यांसाठी खोल खणता येईल अशी माती हवी. पिलांना तर वेगळेच घर आणि चढायला फांद्या हव्यात, कारण मोठे कोमोडो त्यांना खातात आणि म्हणूनच जंगलात ती सुरुवातीचा काळ झाडांवर काढतात.

याउलट आपल्याकडच्या एका संग्रहालयात (नाव मुद्दाम लिहीत नाही) घोरपड पाहिली, ती सिमेंटच्या फरशीवर. कोपऱ्यात एक बल्ब होता, तोही बंद. तानाजींच्या दंतकथेपुरती आपल्याला घोरपड प्रिय असते! वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. कोमोडोसाठी निविदा काढण्याआधी संबंधितांनी या घोरपडीला हातभर माती, एक ओंडका आणि चालू दिवा द्यावा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे