मुलगे चिडतात तेव्हा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले; इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. निकालाच्या सुमारास यावर चर्चा होते आणि सगळा दोष परीक्षेवर टाकून आपण मोकळे होतो. परीक्षा बहुधा शेवटचे निमित्त असते. आधी केलेला आत्महत्येचा प्रयत्न, घरातली मारहाण, दारू, वर्गातला छळ, जातीवरून अपमान हे त्याआधी साचलेले असते.

मुलग्यांचे दुःख अनेकदा दुःखासारखे दिसतच नाही. तास बुडवणे, मारामारी, सरांना उलट उत्तर, उडालेली झोप. शाळा त्याला बेशिस्त म्हणते, सगळ्यांसमोर झापते, वडिलांना बोलावते. आधीच खचलेल्या मुलाला त्या संध्याकाळी घरी जाण्याचीही धास्ती वाटते. अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांबाबतही अभ्यासक असेच काही सांगतात: घट्ट कुटुंब मुलाला सावरते, पण ‘पुरुष रडत नाही’ ही त्याच घरातली शिकवण त्याला मदत मागू देत नाही.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. नेमणुका कराच. पण ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावलेल्या खोलीत पोरगा सहसा पाय ठेवत नाही. मित्र बघतील ना! तो खेळाच्या सरांशी बोलतो, शिपाईमामांशी बोलतो. त्यांनाही प्रशिक्षणाला बसवा.

त्यांना शिकवायचे ते असे. मुलाला बाजूला घ्या आणि “जीव द्यावा असं मनात येतं का?” हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका आणि पालक येईपर्यंत त्याला एकटे सोडू नका. पालकांना सांगा: आज रागावू नका, घरातली औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवा. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. खरी चूक होते ती पुढे. मुलगा दोन दिवसांनी शाळेत येतो, हसतो-खेळतो आणि सगळे विसरून जातात. आठवडाभर रोज, मग काही महिने दर आठवड्याला एकाच ठरलेल्या माणसाने त्याची विचारपूस करायला हवी.

निकालाच्या दिवशी अनुत्तीर्ण मुलाला संध्याकाळच्या आत वर्गशिक्षकांचा फोन जावा, पुरवणी परीक्षेची माहिती हाताशी ठेवून. आणि कोणत्याही मुलावर शिस्तभंगाची कारवाई करण्याआधी वरचा प्रश्न विचारला गेला का, याची नोंद मुख्याध्यापकांनी सहीनिशी ठेवावी, असे परिपत्रक शाळा सुरू होण्याआधी काढावे, ही विनंती.

आपले,
शाळांत काम करणारे समुपदेशक